सुट्या भागांची किंमत

नाना, सोमवारी सकाळी मला ऑफिसात एक पान द्यायचं आहे. ते देण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी होती. तुम्ही असताना सांगितली नाही, आणि आता तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. पान साधं आहे. सोनपेठच्या रस्त्याला एक जिनिंग-प्रेसिंग मिल आहे, ती बाहेरचा एक माणूस विकत घेऊ बघतो आहे. त्याच्याजवळ स्वतःचे पैसे थोडे आहेत. बाकीचे तो जास्त व्याजाचे रोखे काढून उभे करणार, आणि मिल ताब्यात आली की ते कर्ज मिलच्याच अंगावर टाकणार. आमची वित्तसंस्था त्यातले काही रोखे घ्यायचे की नाही ते ठरवणार आहे. मी तिथे यंत्रं तपासते. साहेब म्हणाले, यंत्रं चालू मिलमध्ये काय किमतीची आहेत ते लिहाच, शिवाय सगळी खोलून सुटी विकली तर काय येईल तेही वेगळ्या पानावर लिहून आणा. ते पान तयार आहे. सुटं विकून येणारी रक्कम मिलच्या शेअरांना देऊ केलेल्या किमतीपेक्षा बरीच जास्त आहे. हे ज्याला कळलं त्याला मिल घ्यायची घाई का आहे तेही कळतं. काल दुपारपासून मी ते पान तीन वेळा पाकिटात घातलं आणि तीन वेळा बाहेर काढलं. बेरजेत चूक नाही. चूक असती तर बरं झालं असतं.

मी औरंगाबादला एका खोलीत राहते. खालच्या रस्त्यावर अजून गुलालाचे डाग आहेत. विद्यापीठाचं नाव बदललं, नाना. मी आठवीत असताना याच मागणीवरून आपल्याकडे दलित वस्तीतली घरं जाळली होती. तेव्हा तुम्ही आठवडाभर पिंगळीला घरी आला नव्हतात. तुमच्या तेलमिलचे स्टोअरकीपर काका आणि त्यांची बायकामुलं मिलच्या पेंडीच्या गोदामात होती आणि गोदामाची किल्ली तुमच्या कमरेला होती. तुम्ही ते घरी कधी सांगितलं नाहीत, आईला बाजारात कळलं. विद्यापीठाच्या नावाला इतकी वर्षं लागली. तुमच्या मिलचं नाव मात्र नव्या मालकाने एका दुपारी बदललं होतं. एक पेंटर शिडी घेऊन आला, संध्याकाळच्या गाडीच्या आत काम संपवून गेला.

गेल्या वर्षी संस्थेने आम्हाला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे एका सत्रात अमेरिकेतल्या त्या रोख्यांवर चर्चा होती, ज्यांना तिकडे जंक बाँड म्हणतात. सरळ मराठीत भंगार रोखे. ज्या कंपनीला पत चांगली असल्याचा शिक्का मिळत नाही तिने जास्त व्याजाचं आमिष दाखवून काढलेले. तिकडे त्या पैशावर माणसांनी आपल्यापेक्षा दहापट मोठ्या कंपन्या ताब्यात घेतल्या, काही तुरुंगात गेले, काही अजून मोठे आहेत, आणि झालं ते भलं की बुरं यावर अजून भांडण चालू आहे. आमचे दोन गट केले. मला रोख्यांच्या बाजूने बोलायचं होतं. मी चांगली बोलले. मी म्हणाले, बँका ज्यांना दारात उभं करत नव्हत्या त्यांना या रोख्यांनी भांडवल दिलं. वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या संचालकांना जाग आणली. एखादा कारखाना अखंड असताना जेवढा मिळवत नाही त्याहून जास्त तो तोडून विकताना मिळत असेल, तर कुणीतरी बराच काळ निष्काळजी होता असा त्याचा अर्थ. घेणारा फक्त तो अर्थ वाचतो. समोरच्या गटात नागपूरचे एक वयस्कर अधिकारी होते. त्यांनी विचारलं, बाई, कर्ज काढलं कुणी आणि फेडलं कुणी? मी म्हणाले, शेअर विकणाऱ्यांनी राजीखुशीने विकले, कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. लोक हसले, आमचा गट जिंकला. राजीखुशीने हा शब्द मी कुठल्याही पुस्तकातून घेतला नव्हता. परभणीच्या मोंढ्यातले दुकानदार माझ्या डोळ्यांसमोर होते.

तुमची मिल मला आजही पायरी पायरीने आठवते. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून मी दुपारच्या पॅसेंजरने पिंगळीहून तुमचा डबा घेऊन परभणीला यायची. फाटकापासूनच करडईच्या तेलाचा वास यायचा, उबदार, थोडा कडवट. आत बी पिळून तेल काढणारे सहा एक्स्पेलर एका ओळीत. तुम्ही आवाज ऐकता, हात लावता, आणि मग यंत्रातून नुकती पडलेली पेंडीची चकती उचलून मोडता. पातळ आणि कोरडी मोडली तर ठीक, बोटाला तेल लागलं तर तुम्ही यंत्राकडे असं बघता जसं आई माझ्या प्रगतिपुस्तकाकडे बघायची. एकदा मी चकती न मोडताच नुसत्या रंगावरून सांगितलं, चांगली आहे. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "डोळ्यानं बघून सांगायचं आसंल तर घरी आईजवळ बस. हितं हात लावल्याबिगर बोलायचं न्हाई." मला रडू आलं नाही. मी चकती मोडली आणि बोट तुमच्यापुढे धरलं. बोटाला तेल होतं. पुढे मी पॉलिटेक्निकला लागले तेव्हा तुम्ही मला जुन्या बाजारातून एक व्हर्निअर कॅलिपर आणून दिलं, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप घेणारं. त्याची पेटी नव्हती, म्हणून आईने खणाच्या तुकड्याची पिशवी शिवली.

आता ती गोष्ट. एक्स्पेलरच्या पोटात एक मळसूत्री पोलादी दांडा असतो, त्याला वर्म म्हणतात. तो बी रेटत नेतो आणि पिळतो, म्हणून सगळ्यात आधी तोच झिजतो. वर्म मोडला की कंपनीच्या पुस्तकातून तो भंगार म्हणून कमी व्हायचा आणि नवा मागवला जायचा. तुम्ही मात्र मोडका वर्म टाकत नव्हतात. त्याच्यावर वेल्डिंगचा थर चढवायचात, लेथवर घासून पुन्हा मापात आणायचात आणि तोच यंत्रात घालायचात. नवा आलेला स्टोअरमध्ये तेल लावून, गोणपाटात गुंडाळून राहायचा. रिंगांचं तेच, बुशांचं तेच. पंधरा-सोळा वर्षं तुम्ही आणि काकांनी मिळून असं केलं. त्यातले बरेच भाग कागदावर नव्हतेच. ते दिसायचे वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी सगळ्या मिलमध्ये यंत्रं बंद ठेवून पूजा करतात. तुमच्या मिलमध्ये आणखी एक रीत तुम्हीच पाडलेली होती. स्टोअरमधला एकूण एक भाग बाहेर काढायचा, रॉकेलने धुवायचा, आवारात ताडपत्रीवर क्रमाने मांडायचा आणि प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावायचं. तुम्ही म्हणायचात, सालातून एकडाव समद्याला ऊन दावायचं. दुसऱ्या मिलचे मिस्तरी ते बघायला येत. तुम्ही कोरं धोतर नेसून ताडपत्रीच्या कडेला उभे राहायचात आणि कुणी काही विचारेपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीत.

मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला होते त्या साली खंडेनवमीला मॅनेजरसाहेबांबरोबर एक पाहुणा आला. सफारी घातलेला, चाळिशीचा, मुंबईकडचा. तुम्ही बॉयलरपाशी नारळ फोडत होतात. मॅनेजरसाहेबांनी माझी ओळख करून दिली, मिस्तरींची मुलगी, मशीनचं शिकते. त्याने मला विचारलं, "तुम्ही काय शिकता नेमकं?" मला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापर्यंत कुणी मोठ्या माणसाने तुम्ही म्हटलं नव्हतं. मी सांगितलं. त्याने ताडपत्रीकडे बोट केलं आणि विचारलं, हे सगळं वापरण्याजोगं आहे का. मी कॅलिपर काढलं आणि त्याच्या समोर चार वर्म मोजून दाखवले. तो मध्ये बोलला नाही, घड्याळ बघितलं नाही, माझं वाक्य संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, समजा एखाद्याला विकायचं झालं, तर यंत्रं जागेवर ठेवून जास्त येईल की असं सुटं विकून? आणि मी म्हणाले, सुटं. या बनावटीचे भाग आता बाजारात मिळत नाहीत, ज्यांच्याकडे ही यंत्रं आहेत ते अडले की मागाल ती किंमत देतील. उत्तर अचूक होतं. त्याने यादी मागितली. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही आपट्याची पानं आणायला पिंगळीच्या ओढ्याकडे गेलात, तेवढ्या वेळात मी ड्रॉइंगच्या कागदावर यादी पुरी केली. भागाचं नाव, नग, माप, झीज, आणि शेवटच्या रकान्यात माझ्या अंदाजाने येणारी किंमत. तो रकाना त्याने मागितला नव्हता. दुपारी मिलमध्ये जाऊन मी ती त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, व्यवस्थित काम आहे. त्याचा मला किती आनंद झाला ते मी अजूनही मोजू शकलेले नाही. त्या संध्याकाळी तुम्ही सोनं द्यायला चुलत्यांकडे निघताना आईला सांगत होतात, "पाव्हना हिला अहो-जाहो करायलता. ही त्याला वर्म समजावून सांगायलती अन् त्यो शाळंतल्या पोरावानी ऐकायलता."

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मिलचे शेअर गावात विखुरलेले होते. मोंढ्यातले अडते, दोन डॉक्टर, वकील, बोनसच्या बदल्यात मिळालेले थोडे कामगारांकडे. त्या पाहुण्याने बाजारात चालू असलेल्या भावाच्या वर थोडं देऊन ते गोळा केले, तेही चढ्या व्याजाने उसने आणलेल्या पैशावर. मिल हातात आल्यावर मिलच्याच नावाने लोकांकडून ठेवी मागितल्या, बँकेपेक्षा कितीतरी जास्त व्याज देऊन, आणि त्यातून आपलं उसनं फेडून टाकलं. ज्यांनी शेअर विकले होते त्यांनीच ते पैसे परत याच मिलच्या ठेवीत टाकले, कारण व्याज चांगलं होतं. ज्याला पुण्यात आम्ही पडद्यावर बाण काढून समजून घेतलं ते आपल्या मोंढ्यात कुठलाही बाण न काढता घडून गेलं होतं. तुम्ही तुमचे दहा शेअर विकले नाहीत. ते अजून आईच्या पेटीत आहेत.

आपलं स्वयंपाकघरातलं ते भांडण मला शब्दाशब्दाने आठवतं. तुम्ही जेवायला बसला आहात, आई चुलीपुढे, मी दाराला टेकून उभी. मी त्याची बाजू घेते आहे, का ते तुम्हाला कळत नाही. मी म्हणते, नाना, जुनं विकून नवं घेता येतं, सॉल्व्हंटच्या कारखान्यात पेंडीत राहिलेलं तेलही काढून घेतात, तुमचे एक्स्पेलर ते कधीच काढू शकणार नाहीत. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता आणि म्हणता, "सुटं इकून जास्त येतंय म्हनायलीस. मग आईचा तवा, पाटा, चूल समदं बाजारात न्यू. भाकर कशावर व्हईल?" आई मागे न बघता म्हणते, "माझा तवा कोन घ्यायलंय. तुमच्या मिलीइतका जुना हाय त्यो." तुम्ही हसता. मी हसत नाही. मी म्हणते, तो नवी यंत्रं आणणार आहे. तुम्ही म्हणता, "इकायलाय ते दिसायलंय माय. घ्यायलाय ते कुटंबी दिसंना." मी अभ्यासाला जाते म्हणाले.

त्याच्या माणसाने सगळ्यात आधी स्टोअर रिकामं केलं. हातात यादी घेऊन तो एकेक भाग टिपत होता, आणि यादी इतकी बिनचूक होती की ती आतल्या माणसानेच दिली असणार हे सगळ्यांना कळलं. स्टोअरची किल्ली काकांकडे. मिलमध्ये त्यांच्याबद्दल काय काय बोललं गेलं, कुठल्या शब्दांत, ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. पण ऐकून गप्प राहिलात, आणि एका दुपारी डबा घेऊन बॉयलरच्या बाजूला जाऊन एकटे जेवायला बसलात. इतकी वर्षं तुम्ही दोघं वजनकाट्यापाशी पोत्यांवर बसून एकमेकांच्या डब्यात हात घालायचात. तुमच्या मनात यादीचा संशय होता. बघणाऱ्यांना दुसरंच दिसलं असेल, आणि काकांना काय दिसलं असेल याचा विचार मी बरीच वर्षं करू दिला नाही स्वतःला. त्या शनिवारी डबा मीच आणला होता. मी तुम्हाला तिथे बसलेलं पाहिलं, काकांना काट्यापाशी पाहिलं, आणि पाणी भरून आणायला गेले.

फाल्गुनात करडईच्या गाड्या फाटकाबाहेर लागलेल्या असताना चार नंबरचा वर्म मोडला. स्टोअरमध्ये दुसरा नव्हता. तुम्ही तोच पुन्हा वेल्डिंग करून चढवला, दोन दिवसांत तो परत मोडला, आणि गाड्या दुसऱ्या गावाला वळल्या. मग यंत्रं गेली, मग बॉयलर, मग फाटकाला कुलूप. ठेवी ठेवणारे दर सोमवारी येऊन कुलपाकडे बघून जात. तुम्ही पोखर्णीला एका लहानशा एक्स्पेलरवर कामाला लागलात. मालक तुम्हाला मिस्तरी न म्हणता म्हातारे म्हणायचा. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात एकदा तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "त्यानं तसं कराया नको व्हतं. म्या त्याला भाऊ म्हनत व्हतो." मी तुम्हाला पाणी पाजत होते. तुमचं डोकं माझ्या हातावर होतं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणाले, नाना, बोलू नका, दम लागतो.

याच बुधवारी मी सोनपेठच्या त्या जिनिंगला तपासणीला गेले. एसटीने उतरून चालत गेले, मॅनेजरने चहा दिला आणि स्टोअर दाखवायला कुणाला तरी हाक मारली. किल्ल्यांचा जुडगा घेऊन जे आले ते काका होते. केस सगळे पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मला लगेच ओळखलं, पण मॅनेजर निघून जाईपर्यंत मॅडम म्हणत राहिले. मग म्हणाले, आई कशी आहे, गुडघे दुखतात का अजून. त्यांनी एकेक रॅक उघडून दिला, मी माप घेत गेले, लिहीत गेले. जिनच्या रोलरची नवी कातडी, सुऱ्या, प्रेसच्या पंपाचे दोन जास्तीचे दांडे, सगळं पुसून ठेवलेलं. तुमचीच रीत होती ती. मी एका दांड्यापाशी थांबले तेव्हा ते म्हणाले, "लिव, समदं लिव. तू लिवलं की बरोबरच आसतंय."

मी विचारलं, काका, तुम्हाला माहीत होतं?

"तुजं अक्षर म्या वळखत न्हाई व्हय? तुजी ड्रॉइंगची वही डब्याच्या टायमाला रोज दावायचा तुजा नाना. माज्या हाताला तेल आसायचं तर म्हनायचा, लांबून बघ."

मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना.

त्यांनी रॅकचं दार लावलं आणि कडी नीट बसली की नाही ते बघितलं. "त्याला दोनच गोष्टीचा ताठा व्हता. एक मिल अन् एक तू. मिल तर गेलीच व्हती."

मी वहीत आधीच लिहिलेला आकडा पुन्हा गिरवत होते. मग तेच म्हणाले, बसल्या आवाजात, पण कामाचं बोलल्यासारखं, "हे तुज्या साहेबाला देशील. आमाला बी दाव. हितल्या मानसांकडं बी शेअर हायत. इकायचं आसंल तर इकू, कोन न्हाई म्हनायलंय. पन काय इकायलोत ते तर कळू दे. त्या टायमाला मोंढ्यातल्या एकाला बी ठावं नव्हतं, तुला ठावं व्हतं अन् त्या पाव्हन्याला."

मी म्हणाले, काका, आकडे गोपनीय असतात.

ते हसले. "त्या टायमाला बी व्हते का?"

नाना, मी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून पुण्यातली सगळी चर्चा पुन्हा मनात घोळवली, या बाजूने आणि त्या बाजूने. मला अजूनही वाटतं की तुमची मिल फार वर्षं चालली नसती. सॉल्व्हंटचे कारखाने आलेच. मालक मंडळी बैठकीला भजी खायला जमत होती, त्यांनी स्वतःहून एक बोल्टही बदलला नसता. उसन्या पैशावर मिल घेणारा प्रत्येक जण चोर असतो असं मी म्हणणार नाही. त्यातला एखादा खरोखर नवी यंत्रं आणतो, मी अशा दोन जागा तपासल्या आहेत. पण मी व्यासपीठावरून म्हणाले होते की तो फक्त अर्थ वाचतो, ते खोटं होतं. त्याला तो वाचून दाखवावा लागतो. आणि ज्याचं आहे त्याला कुणी वाचून दाखवत नाही. तुम्ही आणि काकांनी सोळा वर्षं मोडकं जोडून जे साठवलं, तेच विकायचं धरून त्याने तुमची मिल घेतली. मिल दहा वर्षांनी बंद पडली असती ती दोन वर्षांत पडली, असं मी संस्थेच्या भाषेत लिहीन. मधल्या वर्षांत तुम्ही मिस्तरी राहिला असता, काट्यापाशी बसून जेवला असता. ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला शिकवलेलं नाही.

काकांना आकडा दिला तर माझी नोकरी जाऊ शकते. ऑफिसात हे सिद्ध व्हायला अर्धा दिवस लागणार नाही, कारण ते पान माझ्याशिवाय कुणाजवळ नाही. आईचं औषध, धाकट्या भावाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, या खोलीचं भाडं, सगळं याच पगारावर आहे. दुसरीकडे नोकरी मागायला गेले तर पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि मी विचारणाऱ्याच्या जागी असते तर मीही विचारला असता. आणि काकांना आकडा कळून मिल वाचेल असंही नाही. कदाचित ते सगळे मिळून जास्त भाव मागतील आणि विकतील. कदाचित व्यवहार मोडेल आणि मिल तशीच गंजत जाईल, आणि मग मला वाटेल की विकली असती तर बरं होतं. मी काल दुपारपासून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरते आहे. घरमालकीणबाई खालून विचारून गेल्या, काही हरवलंय का.

सकाळी मी पान पुन्हा लिहून काढलं, खाली कार्बन घालून. वरची प्रत साहेबांना. तिच्यात एकही आकडा कमी-जास्त केलेला नाही. खालची दुमडून पाकिटात घातली आणि काकांचा मिलचा पत्ता लिहिला. बरोबर चिठ्ठी ठेवावी म्हणून तीन वेळा बसले. तुमची माफी मागायची की त्यांची, दोघांना एका कागदात कसं धरायचं, ते जमलं नाही, म्हणून चिठ्ठी ठेवली नाही आणि तुम्हाला हे लिहायला घेतलं. मधेच उठून कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले. दुपारची टपाल काढायची वेळ व्हायची होती. पाकीट आत पडल्याचा आवाज ऐकला आणि परत येऊन पुढचं लिहिते आहे.

काकांनी कुणाला दाखवलं, कुणी विचारलं, तर ते माझं नाव घेणार नाहीत. तेव्हा घेतलं नाही, आताही घेणार नाहीत. त्यांनी माझं नाव घ्यावं आणि मी हो म्हणावं, एवढं तरी मला त्यांना देता यायला हवं होतं. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याच्या नावासाठी जागा असते, नाना. ती मी कोरी ठेवली.